खलनायकाला नायक करणारे प्रेक्षक

सिनेमाच्या दुनियेत काही शब्द असे आहेत, की ते कानावर पडताच जाणकार माणूस तोंड फिरवतो. ‘दुसरा भाग’ हा त्यातला एक. ‘कमी खर्चाचा’ हा दुसरा. ‘हाणामारीचा’ हा तिसरा. आणि ‘थिएटरला न लागता थेट डीव्हीडीवर आलेला’ असे म्हटले, की मग बोलायलाच नको. आज मी ज्या चित्रपटाबद्दल बोलणार आहे, त्याला ही चारही विशेषणे लागू पडतात. ‘अनडिस्प्युटेड टू : लास्ट मॅन स्टँडिंग’ हे त्याचे नाव, २००६ हे साल. अशा चित्रपटांची परीक्षणे वर्तमानपत्रांत सहसा छापून येत नाहीत. पण म्हणून त्यांच्याबद्दल कुणाला मत नसते असे थोडेच आहे? उलट मते भरपूर असतात, आणि ती फार तपशीलवार असतात. मला खरे तर या चित्रपटापेक्षा त्याच्या प्रेक्षकांचे कुतूहल अधिक आहे. कारण या प्रेक्षकांनी एक गोष्ट करून दाखवली, जी भल्याभल्या समीक्षकांना जमत नाही. त्यांनी आपल्या मताच्या जोरावर एका खलनायकाला पुढच्या दोन चित्रपटांचा नायक करून टाकले.

हे कसे झाले ते समजायला आधी पहिला भाग थोडक्यात सांगतो. २००२ साली वॉल्टर हिल या नावाजलेल्या अमेरिकन दिग्दर्शकाने ‘अनडिस्प्युटेड’ नावाचा चित्रपट काढला. ‘फॉर्टी एट अवर्स’ ज्यांनी पाहिला असेल त्यांना हिल यांचे नाव ओळखीचे वाटेल. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातला एक तुरुंग. तिथे मन्रो हचन नावाचा कैदी मुष्टियुद्धात अजिंक्य आहे. तिथेच जॉर्ज ‘आइसमन’ चेंबर्स हा जगज्जेता मुष्टियोद्धा बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा भोगायला येतो. वेस्ली स्नाइप्स हा हचन, व्हिंग रेम्स हा चेंबर्स. माइक टायसनची आठवण यावी अशीच ही व्यक्तिरेखा बेतलेली होती. कोण खरा अजिंक्य, याचा निकाल शेवटी लागतो. चित्रपट नेटका होता, पण धंद्याच्या दृष्टीने त्याने काही मोठा पराक्रम केला नाही.

आता अशा चित्रपटाचा दुसरा भाग कोण काढेल? इथे त्या काळच्या व्हिडिओ बाजाराचे गणित लक्षात घ्यावे लागते. डीव्हीडीच्या दुकानात फळीवर शंभर डबे मांडलेले असतात. गिऱ्हाईक एका डब्यावर फार तर काही क्षण नजर टाकतो. तेवढ्यात त्याला एखादे ओळखीचे नाव दिसले, तर त्याचा हात पुढे होतो. नवे नाव रुजवायला जाहिरात लागते, जाहिरातीला पैसा लागतो. जुन्या चित्रपटाचे नाव वापरले, की तो खर्च वाचतो. नाव तेच ठेवायचे, नट बदलायचे, चित्रीकरण स्वस्त देशात करायचे. न्यू इमेज या कंपनीने बल्गेरियात नेमके हेच केले. तिथली मजुरी कमी, तंत्रज्ञ हुशार, आणि जुन्या पूर्व युरोपच्या इमारती अशा, की त्यात रशियाचा तुरुंग सहज खपून जावा.

दिग्दर्शनाला आयझॅक फ्लोरेंटाइन हे मूळचे इस्रायलचे गृहस्थ. स्वतः कराटे शिकलेले आणि शिकवलेले. लहान मुलांच्या ‘पॉवर रेंजर्स’ या मालिकेत त्यांनी बराच काळ काम केले होते. या मालिकेचे नाव काढले की लोक हसतात. पण दर आठवड्याला थोड्या वेळात, थोड्या पैशात मारामारी उभी करायची शिस्त अशाच ठिकाणी अंगी बाणते.

दुसऱ्या भागाची गोष्ट अशी. चेंबर्स तुरुंगातून सुटला आहे, पैशाची चणचण आहे, म्हणून व्होडकाच्या जाहिरातीसाठी रशियात आला आहे. तिथे त्याला अमली पदार्थाच्या खोट्या गुन्ह्यात अडकवतात आणि तुरुंगात टाकतात. का, तर त्या तुरुंगात कैद्यांच्या झुंजी लागतात, त्यावर सट्टा चालतो, आणि तिथल्या युरी बॉयका नावाच्या अजिंक्य कैद्याला तोडीचा जोड हवा आहे. पहिल्या झुंजीत चेंबर्सच्या पाण्यात गुंगीचे औषध मिसळले जाते आणि तो हरतो. मग चाकांच्या खुर्चीत बसलेला क्रॉट नावाचा वयस्क कैदी त्याला नुसत्या ठोशांपलीकडची लढाई शिकवतो, आणि शेवटी दुसरी झुंज होते.

गोष्ट म्हणाल तर ही एवढीच. तुम्हा-आम्हाला पुढचे सगळे आधीच दिसते. आणि प्रेक्षकांच्या तक्रारींची सुरुवातही इथूनच होते.

पहिली तक्रार नावाबद्दल. ज्यांनी पहिला भाग पाहिला होता, ते म्हणतात, हा दुसरा भाग कसला? पहिल्यात मुष्टियुद्ध होते, यात लाथा, पकडी, जमिनीवरची झटापट, सगळेच आहे. पहिल्यातला चेंबर्स उर्मट, कुणाबद्दल आपुलकी वाटू नये असा होता. इथे तो मायकल जाय व्हाइट या दुसऱ्याच नटाच्या रूपाने येतो आणि हळूहळू माणसात येतो. तक्रार खरी आहे. पण यात एक गंमत आहे, जी फार थोडे लोक लक्षात घेतात. ज्या टायसनवरून चेंबर्स बेतला, त्याच टायसनची भूमिका याच मायकल जाय व्हाइटने १९९५ साली एका टीव्ही चित्रपटात केली होती. म्हणजे रेम्सच्या जागी आलेला हा माणूस मूळ साच्याच्या अधिक जवळचा होता असे म्हणायला हरकत नाही. शिवाय व्हाइट हा नुसता नट नव्हे, तर अनेक पद्धतींचे काळे पट्टे मिळवलेला लढवय्या. अंगाने पहाड, आणि तरी हालचालीला चपळ.

दुसरी तक्रार रशियाबद्दल. थंडी, गंजलेले गज, भ्रष्ट अधिकारी, टोळीवाला शेठ, आणि सगळे जण आपापसातसुद्धा मोडके इंग्रजी बोलतात. या चित्रपटातला रशिया म्हणजे परदेशी माणसाने ऐकीव माहितीवर उभारलेला देखावा आहे. हे मत मलाही पटते. तिसरी तक्रार अशी, की चित्रपटात स्त्रिया जवळपास नाहीतच. घरातले सगळे मिळून पाहावे असे काही यात नाही, हे उघड आहे. बेन क्रॉसबद्दल मात्र लोक हळहळतात. ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या १९८१ च्या चित्रपटाचा हा नायक इथे चेंबर्सच्या कोठडीतल्या व्यसनी इंग्रजाच्या भूमिकेत आहे. काहींना त्याची ही अवस्था पाहून वाईट वाटते, तर काही म्हणतात, अख्ख्या चित्रपटात खरा अभिनय म्हणावा तो त्याचाच. मी या दुसऱ्या मताचा.

इतक्या तक्रारी असूनही तेच लोक हा चित्रपट चार-चारदा पाहतात. का? याचे उत्तर आपल्याला परकीय वाटू नये. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात बसलेला प्रेक्षक डोळ्यांपुढे आणा. कुस्तीला गोष्ट नसते, संवाद नसतात. तरी तो उन्हातान्हात तासन् तास बसतो, कारण त्याला डाव कळतात. ढाक कुठे लागली, पकड कुठे सैल झाली, कोण नुसती खडाखडी करून वेळ काढतोय, हे तो लांबून सांगतो. त्याची मागणी एकच असते : कुस्ती निकाली झाली पाहिजे आणि मला दिसली पाहिजे. हाणामारीच्या चित्रपटाचा जातिवंत प्रेक्षक हा याच जातकुळीतला आहे. त्याला कथेतली भोके दिसत नाहीत असे नाही. त्याने तराजू वेगळा धरलेला असतो, इतकेच.

आणि त्या काळात त्याला मोठ्या चित्रपटांत नेमके तेच मिळत नव्हते. २००४ चा ‘द बोर्न सुप्रीमसी’ आणि २००७ चा ‘द बोर्न अल्टिमेटम’ या चित्रपटांनी मारामारी दाखवायची एक नवी तऱ्हा रूढ केली. कॅमेरा हातात धरून हलवायचा, अगदी जवळ न्यायचा, आणि सेकंदा-दोन सेकंदाला दृश्य तोडायचे. पाहणाऱ्याला आपण त्या झटापटीत सापडल्यासारखे वाटते, हे खरे. ‘अल्टिमेटम’ला संकलनाचे ऑस्करही मिळाले. पण कोणी कुणाला कुठे मारले हे विचाराल, तर सांगता येत नाही. पुढे पुष्कळांनी या तऱ्हेची नक्कल केली ती सोयीसाठी. नटाला लाथ मारता येत नसेल, तर ही पद्धत देवासारखी धावून येते. पायाचा एक तुकडा, चेहऱ्याचा एक तुकडा, पडणाऱ्या माणसाचा एक तुकडा. जोडून दिले की झाली लाथ.

फ्लोरेंटाइन यांनी उलटी वाट धरली. जे. जे. पेरी हे त्यांचे फाइट मास्टर. कॅमेरा मागे घेतला, दोन्ही लढणारी माणसे नखशिखान्त चौकटीत ठेवली, आणि एका दृश्यात तीन-तीन, चार-चार वार सलग होऊ दिले. हाँगकाँगच्या चित्रपटांनी घालून दिलेला हा जुना धडा आहे. पण तो पाळायचा तर दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे खरोखर लढता येणारी माणसे, आणि दुसरी म्हणजे वेळ. कमी खर्चाच्या चित्रपटात वेळ कुठून आणायचा? तर तो बाकीच्या दृश्यांतून कापून आणायचा. बोलण्याची दृश्ये भराभर उरकायची आणि वाचलेले दिवस झुंजींना द्यायचे. म्हणून या चित्रपटात संवादाचे प्रसंग घाईचे वाटतात आणि मारामाऱ्या निवांत, घोटून बसवलेल्या वाटतात. ज्या दोषाबद्दल प्रेक्षक कुरकुर करतात आणि ज्या गुणाबद्दल मान डोलावतात, ती दोन्ही एकाच हिशेबातून आलेली आहेत.

आणखी एक गोष्ट डीव्हीडीने केली. थिएटरात दृश्य एकदा गेले की गेले. घरी हातात रिमोट असतो. दृश्य थांबवता येते, मागे नेता येते, एकेक चौकट पुढे सरकवता येते. त्यामुळे लाथ लागली की हुकली, मार खाणाऱ्याने मान आधीच वळवली का, इथे बदली माणूस वापरला का, याची तपासणी प्रेक्षक घरबसल्या करू लागला. अशा तपासणीत बहुतेक मारामाऱ्या उघड्या पडतात. या चित्रपटातल्या टिकल्या, आणि त्याचे फार मोठे श्रेय एका माणसाला जाते.

तो माणूस म्हणजे स्कॉट अ‍ॅडकिन्स. इंग्लंडचा. लहानपणापासून ज्युदो, मग तायक्वांदो, मग किक-बॉक्सिंग. जॅकी चॅनच्या चित्रपटांत किरकोळ कामे, ‘होल्बी सिटी’ या इस्पितळावरच्या इंग्रजी टीव्ही मालिकेत एक भूमिका, अशी त्याची वाटचाल चाललेली होती. त्याला युरी बॉयका करायला दिला. डोके तासलेले, दाढी कोरलेली, अंगभर गोंदण, रशियन ढंगाचे घोगरे इंग्रजी. आणि लाथा अशा, की हवेत उंच उडून, अंगाची पूर्ण गिरकी घेऊन, जमिनीला पाय लागायच्या आत दोन वार करून मोकळा. ही माणसाची उडी आहे, तारांची नाही, हे पाहणाऱ्याला कळते. गंमत पाहा, २००७ साली हाच अ‍ॅडकिन्स ‘बोर्न अल्टिमेटम’मध्येही होता. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर नायकाच्या हातून मार खाणाऱ्या हस्तकांपैकी एक. तिथे त्या कापाकापीत त्याची लाथ कुणाला दिसलीही नसेल. ज्या साली अमेरिकेतल्या दुकानांत ‘अनडिस्प्युटेड टू’ची डीव्हीडी आली, त्याच सालची ही गोष्ट.

आता विरोधी मतेही ऐकू या, कारण ती फार चोख आहेत. माझ्या ओळखीचे एक कराटेचे सर आहेत. त्यांना बॉयकाच्या या उड्या मुळीच मान्य नाहीत. त्यांचे म्हणणे, पाठ फिरवून हवेत गेलेला माणूस खऱ्या लढतीत जमिनीवर येईपर्यंत समोरचा वाट पाहत बसत नाही. मुले असली दृश्ये पाहून क्लासला येतात, पहिल्या महिन्यात गिरकीची लाथ मागतात, आणि साधे उभे राहायला शिकवले की क्लास सोडतात. हा आक्षेप साधा नाही. दुसरे काही जण आवाजावर चिडतात. हात हवेतून जातानाचा सूऽऽ असा आवाज, ठोसा लागला की लाकूड मोडल्यासारखा आवाज. फ्लोरेंटाइन यांना या आवाजांची हौस फार, आणि काही ठिकाणी त्यामुळे गंभीर झुंज एकदम ‘पॉवर रेंजर्स’च्या अंगणात जाते. हे मलाही खटकते.

पण सरांच्या आक्षेपाला एक उत्तर चित्रपटातच आहे. अमेरिकेत २००५ साली मिश्र लढतींचा, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा, बोलबाला अचानक वाढला होता. टीव्हीवरच्या एका स्पर्धेची एप्रिल २००५ मधली फॉरेस्ट ग्रिफिन आणि स्टीफन बॉनर यांची अंतिम लढत अमेरिकेत घरोघर पाहिली गेली. नुसत्या ठोशांवर किंवा नुसत्या लाथांवर चालत नाही, खाली पडल्यावर पकडीही यायला हव्यात, हे सामान्य प्रेक्षकाला उमगू लागले होते. चित्रपटाने हीच गोष्ट कथेचा कणा केली. मुष्टियोद्धा चेंबर्स आधी हरतो, कारण त्याला दोन हातांपलीकडे काही येत नाही. क्रॉट त्याला पकड शिकवतो. आणि शेवटची झुंज सुटते ती कुठल्याही उडत्या लाथेने नाही. चेंबर्स बॉयकाचा पाय पकडीत धरतो आणि मोडतो. हवेत भिरभिरणारा पाय जमिनीवर सापडतो. निकाली कुस्ती म्हणतात ती ही.

आता खरा चमत्कार इथे घडला. पाय मोडलेला बॉयका जमिनीवर पडलेला असताना प्रेक्षकांना आनंद व्हायला हवा होता. तो वाईट माणूस आहे, नायकाला छळणारा आहे, त्याची खोड मोडली. पण प्रेक्षक म्हणाले, अरेरे! चेंबर्स सुटला, त्याने क्रॉटलाही सोडवले, हे सगळे छान. पण बॉयकाचे पुढे काय?

असे का वाटले, यावर लोक निरनिराळी कारणे देतात. काही म्हणतात, अ‍ॅडकिन्सची कसरत पाहूनच मन गेले. मला हे कारण अपुरे वाटते. कसरतपटू खलनायक पुष्कळ पाहिले. बॉयकाचा वेगळेपणा त्याच्या स्वभावात आहे. तो क्रूर आहे, गर्विष्ठ आहे, पण देवभक्त आहे आणि लढाईच्या बाबतीत सोवळा आहे. आपल्या पहिल्या विजयामागे गुंगीचे औषध होते हे कळते, तेव्हा तो खूश होत नाही, आपल्याच माणसावर उलटतो. मिळालेला विजय त्याला डाग वाटतो. तुरुंगातल्या त्या सगळ्या बाजारात ज्याला सट्ट्याशी देणेघेणे नाही, असा तो एकटाच आहे. नायक चेंबर्स सुटकेसाठी लढतो, शेठ पैशासाठी लढवतो, अधिकारी हप्त्यासाठी डोळे मिटतात. आणि खलनायक मात्र लढाईसाठी लढतो. प्रेक्षकाने हे बरोबर टिपले. पटकथाकारांनी हे सगळे जाणूनबुजून केले की ओघात झाले, यावर वाद घालता येईल. पण ‘ह्याच्यावर अन्याय झाला’ ही भावना एकदा प्रेक्षकाच्या मनात शिरली, की ती बाहेर काढणे कुठल्याही दिग्दर्शकाच्या हातात राहत नाही.

म्हणून २०१० साली तिसरा भाग आला तेव्हा त्यात चेंबर्स नव्हता. बॉयका होता. गुडघ्याने अधू झालेला, तुरुंगात घाण साफ करायचे काम करणारा, सगळ्यांनी मोडीत काढलेला. मग तो स्वतःच तो पाय पुन्हा उभा करतो आणि जॉर्जियातल्या एका तुरुंगात भरलेल्या झुंजींच्या स्पर्धेत उतरतो. दिग्दर्शक पुन्हा फ्लोरेंटाइनच. पुष्कळांच्या मते हा तिसरा भाग दुसऱ्यापेक्षा सरस आहे. मार्को झरोर हा चिलीचा धिप्पाड नट यात प्रतिस्पर्धी आहे, आणि बॉयकाचा दुखरा गुडघा प्रत्येक लाथेला प्रेक्षकाच्या काळजाचा ठोका चुकवतो. मारामारीत आधी नुसते कौतुक होते, आता त्यात काळजी आली. तरीही माझे मत दुसऱ्या भागाच्या बाजूने. तिसऱ्यात आपण बॉयकाच्या बाजूने आहोत हे आधीच ठरलेले असते. दुसऱ्यात आपण नकळत बाजू बदलतो, आणि ती गंमत पुन्हा येत नाही.

आपल्याकडे असे काही घडले आहे का, असा विचार मनात येतोच. मारधाडीच्या स्वस्त चित्रपटांवर जीव टाकणारा प्रेक्षक आपल्याकडेही फार जुना आहे. वाडिया मूव्हिटोनचा ‘हंटरवाली’ १९३५ सालचा. त्यातली नादिया स्वतः घोड्यावर बसे, छपरांवरून उड्या मारी. शिकल्यासवरल्या लोकांनी नाके मुरडली, पण पिटातल्या प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतले, आणि १९४३ साली ‘हंटरवाली की बेटी’ आला. म्हणजे मारधाडपटाचा दुसरा भाग ही आपल्यालाही नवी गोष्ट नाही. पुढे साठच्या दशकात दारासिंग आले. खरा पहिलवान पडद्यावर खऱ्या पहिलवानाला उचलतो, यातच त्या चित्रपटांचे सारे सुख होते. संवादफेकीबद्दल कुणी दारासिंगांना नावे ठेवली असतील, पण उचललेल्या माणसाचे वजन खरे आहे याबद्दल पिटात कुणालाही शंका नव्हती. अ‍ॅडकिन्सच्या प्रेक्षकाचे आणि त्या पिटातल्या प्रेक्षकाचे नाते मला सख्खे वाटते.

आजही आपल्याकडच्या व्यायामशाळेतल्या पोरांना विचारून पाहा. माझ्या ओळखीच्या एका व्यायामशाळेत ‘स्कॉट अ‍ॅडकिन्स’ म्हटल्यावर दोघांनी मान हलवली. ‘बॉयका’ म्हटल्यावर सगळे हातातली वजने खाली ठेवून बोलू लागले. त्यांतल्या कितींनी तो चित्रपट पैसे देऊन पाहिला असेल, हे मी विचारले. जरा वेळ कुणी बोलले नाही. मग सगळे हसले.

हे हसणे साधे नाही, आणि या साऱ्या कहाणीतली अवघड बाजू इथे आहे. थेट डीव्हीडीवर येणाऱ्या चित्रपटाला तिकीटखिडकी नसते. डबे किती खपले, भाड्याने किती गेले, टीव्हीवाल्यांनी किती दिले, यावरच पुढचा भाग निघणार की नाही हे ठरते. जोवर दुकाने होती तोवर प्रेक्षकाचे मत आणि त्याचा पैसा एकाच रस्त्याने जात होते. आवडले की डबा घ्यायचा. मग चोरट्या सीडी फुटपाथवर आल्या, त्यामागून संगणकावर चित्रपट फुकट उतरवून घेता येऊ लागला. मत वाढतच गेले, पैसा मात्र आटला.

चौथ्या भागाची कथा त्यामुळे वाचण्यासारखी आहे. ‘बॉयका : अनडिस्प्युटेड’ हा चित्रपट २०१६ साली एका महोत्सवात दाखवला गेला आणि २०१७ साली बाजारात आला. दिग्दर्शक या वेळी तोदोर चापकानोव्ह, निर्मितीत फ्लोरेंटाइन. बॉयकाच्या हातून झुंजीत एक प्रतिस्पर्धी मरतो आणि त्या माणसाच्या विधवेची क्षमा मागायला तो रशियात परत जातो, अशी गोष्ट. नायकाला आपल्या ठोशाची शरम वाटते, असे मारधाडपटात क्वचितच घडते. पण हा चित्रपट रीतसर विक्रीला येण्याआधीच त्याची चोरटी प्रत जगभर फिरली. अ‍ॅडकिन्सने त्या वेळी जाहीरपणे चाहत्यांना विनवले, की आवडला असेल तर विकत घ्या, नाहीतर असे चित्रपट निघायचे थांबतील. विचित्रच परिस्थिती म्हणायची. ज्या लोकांच्या प्रेमामुळे ही व्यक्तिरेखा पायावर उभी राहिली, त्यांच्याच हातून तिच्या पायाखालची माती सरकत होती. व्यायामशाळेतल्या त्या पोरांना मी दोष देत नाही. त्यांच्या गावात त्या चित्रपटाचा रीतसर डबा मिळण्याची सोयच कधी नव्हती. त्यांना विकत घ्या म्हणणारे कोणी त्यांच्यापर्यंत आले नाही. तरीपण निर्मात्याच्या वहीत त्यांच्या मताची नोंद होत नाही, हेही तितकेच खरे.

मोठ्या चित्रपटांनी मात्र या छोट्या चित्रपटांकडून पुष्कळ घेतले. २०१४ च्या ‘जॉन विक’नंतर पुन्हा कॅमेरा मागे आला, माणसे पूर्ण दिसू लागली, दृश्ये लांबली. त्या मालिकेच्या २०२३ सालच्या चौथ्या भागात अ‍ॅडकिन्सलाही बोलावणे आले. तिथे त्याला फुगवलेल्या पोशाखात अगडबंब जुगारी केले होते आणि पुष्कळांनी त्याला लाथ मारल्यावरच ओळखले. फाइट मास्टर जे. जे. पेरी यांनी २०२२ साली ‘डे शिफ्ट’ हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला, त्यातही अ‍ॅडकिन्स आहे.

जुन्या प्रेक्षकांचा एक वाद मात्र मिटलेला नाही. चेंबर्स आणि बॉयका यांची पहिली झुंज औषधाने नासली, दुसरी पाय मोडून संपली. मग तिसरी झाली असती तर? कुस्तीच्या फडात उठल्यावर चहाच्या टपरीवर जसा वाद रंगतो, तसा हा रंगतो. व्हाइटच्या बाजूचे वजन सांगतात, अ‍ॅडकिन्सच्या बाजूचे तिसऱ्या भागातला गुडघा सांगतात. अशी तिसरी झुंज ‘अनडिस्प्युटेड’च्या नावाखाली आजवर निघाली नाही. पण २०१८ च्या ‘अ‍ॅक्सिडेंट मॅन’ या दुसऱ्याच एका चित्रपटात हे दोन नट पुन्हा समोरासमोर आले. अ‍ॅडकिन्स एकटा, आणि समोर मायकल जाय व्हाइट, वर जोडीला रे पार्क. कथा निराळी, नावे निराळी. तरी प्रेक्षकांनी ती झुंज जुन्याच हिशेबात धरली, आणि आता ती मोजायची की नाही यावर त्यांच्यात नवा वाद सुरू आहे.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)